विश्वाचं विरजण कुणी लावलं?

मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि पंचाईत झाली ती कुलाब्याच्या वेधशाळेची. ट्राम रस्त्यावरून जाणार, वेधशाळा आपल्या जागी बसलेली. मग हिचं बिघडलं काय?

बिघडणार होत्या तिच्या चुंबकसुया. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्या चुंबकाची ताकद आणि दिशा रोज थोडी थोडी बदलते, आणि कुलाब्यात १८४१ पासून या बदलांच्या नोंदी होत होत्या. सुई केसभर हलली तरी टिपायची, असं हे काम. ट्रामच्या तारांमधून वीज खेळायला लागली की सुया थरथरणार आणि सगळ्या नोंदींचा विचका होणार! तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी मग समुद्रापलीकडचं अलिबाग गाठलं. तिथे १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीला आपला काळा पाषाण चालत नव्हता, कारण त्यातच चुंबकीय खनिज असतं. म्हणून पोरबंदरी दगड वापरला, आणि लोखंडाला तर दारातही उभं केलं नाही. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. मग १९०७ मध्ये विजेच्या ट्राम खुशाल धावू लागल्या. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

तर ट्रामच्या विजेचा आणि चुंबकसुईचा संबंध काय? हे तुम्ही घरीच पाहू शकता. एक होकायंत्र घ्या, त्याच्यावर एक तार धरा आणि तारेची दोन टोकं टॉर्चच्या सेलला क्षणभर टेकवा. सुई टुणकन हलेल. (क्षणभरच हं! जास्त वेळ धरलीत तर तार आणि सेल दोन्ही तापतील.) डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली हेच पाहिलं होतं. वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. विद्युतभार सरकले, की आलं चुंबकत्व.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड त्याच्यावरच उभी आहे.

चुंबकत्व मोजायचं एक माप आहे, गॉस. महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.४ गॉस भरतं. फ्रिजच्या दाराला चिकटवायचा छोटा चुंबक याच्या शंभर-दोनशे पट तरी जोरदार असतो. पृथ्वी फक्त ०.४? म्हणून नाक मुरडू नका. फ्रिजवरच्या चुंबकाचा जोर बोटभर अंतरावर संपतो, पृथ्वीचा हजारो किलोमीटरपर्यंत पोचतो.

आणि आकाशात? तिकडे तर चुंबकच चुंबक. १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी सूर्यावरच्या डागांच्या प्रकाशाची चिकित्सा केली, तेव्हा तिथे काही हजार गॉसचं क्षेत्र असल्याचं दिसलं. न्यूट्रॉन तारे नावाचे जे मेलेल्या ताऱ्यांचे गोळे असतात, त्यांचं क्षेत्र लाख कोटी गॉस. त्यांच्यातलेच मॅग्नेटार नावाचे गोळे आणखी वरचढ. हे सगळं भारीच आहे, पण खरं सांगू? मला या पहिलवानांपेक्षा दुबळ्या चुंबकांचं जास्त कौतुक वाटतं.

आपली आकाशगंगाच घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला सुमारे एक लाख वर्षं लागतात, एवढा तिचा पसारा. या अख्ख्या पसाऱ्यात, ताऱ्यांच्या मधल्या विरळ वायूमध्येही, चुंबकीय क्षेत्र पसरलेलं आहे. ताकद किती? पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण एक लाखावा भाग. पण ते एवढ्या मोठ्या जागेत आहे, की वायूला वळण लावायला, नवे तारे जन्माला येताना लुडबुड करायला आणि वेगवान कणांना आकाशगंगेत कोंडून ठेवायला तेवढं पुरतं.

आता तुम्ही विचाराल, तिथे होकायंत्र घेऊन कोण गेलं होतं? कुणीच नाही! तिथून येणारा प्रकाशच चुगली करतो. १९४९ साली हिल्टनर आणि हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञांना दिसलं, की दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांना सारख्या थरथरत नाहीत, एका दिशेला जरा जास्तच थरथरतात. वाटेतल्या धुळीचे लांबट कण चुंबकीय क्षेत्रामुळे एका शिस्तीत उभे राहिलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यातून गाळून येतो, हे त्याचं कारण.

दुसरी युक्ती त्याहून झकास आहे आणि ती सापडली चक्क टेबलावर. मायकेल फॅरडे हे लहानपणी पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करणारे, कॉलेजचं तोंड न पाहिलेले. १८४५ मध्ये त्यांनी एका जड काचेला चुंबकापाशी ठेवून तिच्यातून प्रकाश सोडला. प्रकाश आत शिरताना ज्या दिशेला थरथरत होता, बाहेर पडताना ती दिशा फिरलेली होती! चुंबकाने प्रकाशाला पीळ घातला होता. अवकाशातला विद्युतभारित वायूसुद्धा रेडिओ लहरींना असाच पीळ घालतो. लांब लहरींना जास्त, आखूड लहरींना कमी. वेगवेगळ्या लांबीच्या लहरींना किती पीळ पडला ते मोजा, वाटेत किती वायू होता ते काढा, की वाटेतल्या चुंबकाची ताकद कळली. फॅरडेंची ती काच लंडनमध्ये होती, आणि आज त्याच नियमाने कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकांचं (म्हणजे दुसऱ्या आकाशगंगांचं) चुंबकत्व मोजलं जातं.

आकाशात चुंबकत्व आहे हे तर नक्की झालं. आता खरा प्रश्न. ते आलं कुठून?

अर्धं उत्तर शास्त्रज्ञांकडे आहे, आणि त्या उत्तराचं नाव डायनॅमो. पृथ्वीच्या पोटात, साधारण २९०० किलोमीटर खोल गेलं की वितळलेल्या लोखंडाचा समुद्र लागतो. तो उकळत, घुसळत, फिरत असतो. वीज वाहून नेणारा द्रव चुंबकीय क्षेत्रातून फिरला की त्यात वीज तयार होते. ती वीज आणखी चुंबकत्व तयार करते. त्या चुंबकत्वातून फिरताना आणखी वीज. असं करत करत फिरण्याची ऊर्जा चुंबकात जमा होत जाते. १९९९ साली लाटव्हियात रीगाला आणि जर्मनीत कार्ल्सरूला शास्त्रज्ञांनी वितळलेलं सोडियम नळ्यांमधून जोरात फिरवून असा डायनॅमो प्रत्यक्ष चालवून दाखवला. सोडियम पाण्याला लागलं तर भडका उडतो, म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही. शाळेतही नाही.

दीर्घिकांमध्ये लोखंडाचा समुद्र नसतो, पण विद्युतभारित वायू असतो, आणि तो फिरतही असतो. आपला सूर्य आकाशगंगेभोवती एक फेरी साधारण २३ कोटी वर्षांत मारतो. म्हणजे तिथेही डायनॅमो आहे, सावकाश चालणारा.

पण डायनॅमोत एक मेख आहे. तो असलेलं चुंबकत्व वाढवतो, नसलेलं आणत नाही. शून्याला दोनने कितीही वेळा गुणा, शून्यच राहतं. घरी दही कसं लावतात ते आठवा. कोमट दुधात चमचाभर कालचं दही घातलं की सकाळपर्यंत भांडंभर दही तयार. कालचं दही परवाच्या दह्यापासून झालं, परवाचं तेरवाच्या. विरजण संपलंच तर आई शेजारच्या काकूंकडून वाटी आणायला पिटाळते. विश्वाला शेजारच्या काकू नाहीत. मग त्याचं पहिलं विरजण आलं कुठून?

विरजण अगदी थेंबभर असलं तरी चालतं, हे मात्र खरं. कॅल्क्युलेटर काढा. १ घ्या आणि दुप्पट, दुप्पट करत जा. ४७ वेळा दुप्पट केलंत की कोटी गुणिले कोटी यापेक्षाही मोठा आकडा येतो. म्हणजे सुरुवातीचं क्षेत्र आकाशगंगेच्या आजच्या क्षेत्राच्या तुलनेत इतकं क्षुल्लक असलं, तरी ४७ दुपटींमध्ये काम फत्ते. फक्त सवड हवी.

आणि सवडीचीच जरा अडचण दिसते आहे. ९आयओ९ असं विचित्र नाव असलेली एक दीर्घिका आहे. २०१४ मध्ये बीबीसीच्या एका खगोल कार्यक्रमाच्या वेळी, हौशी लोक संगणकावर आकाशाचे फोटो चाळत होते, त्यांना ती सापडली. हो, तुमच्या-माझ्यासारखेच हौशी लोक! २०२३ साली चिलीमधल्या अल्मा दुर्बिणींनी तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र पाहिलं. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ११ अब्ज वर्षांहून जास्त काळ लागला आहे. म्हणजे तो निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं जेमतेम अडीच अब्ज वर्षं. आज ते १३.८ अब्ज आहे. एवढ्या कोवळ्या वयातही त्या दीर्घिकेचं क्षेत्र आपल्या आकाशगंगेहून दुबळं नव्हतं आणि हजारो प्रकाशवर्षं नीट मांडलेलं होतं. म्हणजे एक तर तिथला डायनॅमो फार घाईत होता, नाहीतर विरजण चांगलं चमचाभर होतं.

चला, आता संशयितांना बोलावू.

पहिल्या संशयिताची तक्रार १९५० मध्ये जर्मनीच्या लुडविग बिअरमान यांनी नोंदवली. विश्वातला बहुतेक वायू म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची गर्दी. एकाचा भार ऋण, दुसऱ्याचा धन, आणि संख्या सारखी. दोघं जोडीनेच सरकले तर वीज वाहतच नाही, कारण एकाने केलेलं दुसरा पुसून टाकतो. मग चुंबकत्व कुठलं? पण प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड आहे. वायूवर अचानक दाब आला, म्हणजे समजा कोसळणाऱ्या वायूत धक्क्याची लाट उठली, तर हलकाफुलका इलेक्ट्रॉन चटकन सटकतो आणि प्रोटॉन मागे रेंगाळतो. आणि लाट वेडीवाकडी असली, वायू एकीकडे दाट आणि दुसरीकडे तापलेला असला, तर हे सटकलेले इलेक्ट्रॉन गोल गोल फिरू लागतात. विद्युतभार सरकले, की आलं चुंबकत्व! याला बिअरमान बॅटरी म्हणतात. पहिल्या दीर्घिका जमत असताना ही बॅटरी कुठेही चालू झाली असेल. तिचा जोर मात्र फारच कमी.

२०१२ साली जानलुका ग्रेगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये या बॅटरीची चाचणी घेतली. हेलियम भरलेल्या पेटीत कार्बनची काडी ठेवली, तिच्यावर जबरदस्त लेझरचा मारा केला. काडीचा स्फोट झाला, वेडीवाकडी लाट उठली आणि जिथे चुंबकाचा मागमूस नव्हता तिथे चुंबकीय क्षेत्र उमटलं. बॅटरी चालते, यात आता वाद नाही.

दुसरे संशयित म्हणजे सुरुवातीचे तारे आणि कृष्णविवरं. त्यांच्या पोटात क्षेत्र झपाट्याने वाढलं असेल आणि स्फोटांबरोबर, झोतांबरोबर बाहेर उधळलं गेलं असेल. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे.

तिसरा संशयित आहे खुद्द तान्हं विश्व, आणि तो सगळ्यात मजेदार आहे. विश्वाची सुरुवात ज्यातून झाली त्या महास्फोटानंतर सेकंदाच्या क्षुल्लक अंशात विश्व अफाट वेगाने फुगलं, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. त्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्रात जी बारीकशी थरथर होती, ती विश्वाबरोबर ताणली गेली आणि प्रचंड अंतरांवर पसरली असेल, असा प्रस्ताव टर्नर आणि विड्रो यांनी १९८८ मध्ये मांडला. १९९१ मध्ये तन्मय वाचस्पती यांनी वेगळी शक्यता पुढे केली. महास्फोटानंतर सेकंदाचा सुमारे शंभर अब्जावा भाग उलटला तेव्हा, आधी एकत्र असलेली दोन बलं वेगळी झाली: एक विद्युतचुंबकीय, दुसरं अणुगर्भातलं क्षीण बल. या फारकतीच्या गडबडीत चुंबकत्व जन्मलं असेल, असं त्यांचं म्हणणं. तारे नाहीत, दीर्घिका नाहीत, साधा अणूसुद्धा नाही, आणि चुंबक मात्र हजर!

पण इतकं जुनं चुंबकत्व आजवर टिकेल का? टिकू शकतं. विद्युत क्षेत्र कुठे तयार झालं तर धन आणि ऋण भार धावत येतात आणि ते मिटवून टाकतात. चुंबकाच्या बाबतीत असे सुटे भार आजवर कुणालाही सापडलेले नाहीत. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही टोकं असतातच. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र मिटवायला धावून येणारंच कुणी नाही. विश्व पसरतं तसं ते विरळ होतं, पण नाहीसं होत नाही.

तिघांपैकी खरा कोण हे ठरवायचं, तर दीर्घिकांना विचारून उपयोग नाही. तिथे डायनॅमोने इतकं घुसळलंय, की मूळ विरजणाची चवच उरलेली नाही. विचारायचं ते जिथे घुसळण झालीच नाही अशा ठिकाणी. अशी ठिकाणं आहेत. विश्वात दीर्घिका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत, मधे मधे विशाल पोकळ्या आहेत. स्वातीचा तारा ज्या भूतप तारकासमूहात दिसतो, त्या दिशेला फार फार दूर अशी एक पोकळी १९८१ मध्ये सापडली. ती तीस कोटी प्रकाशवर्षांहून रुंद आहे आणि तिच्यात दीर्घिका अगदी मोजक्या आहेत. अशा ओसाड जागी चुंबकत्व असेल, तर ते तिथे ताऱ्यांनी नेऊन ठेवलं असं म्हणणं कठीण.

पोकळीतलं चुंबकत्व मोजायचं कसं? तिथे प्रकाशाला पीळ पडेल एवढासुद्धा वायू नाही. इथे शास्त्रज्ञांनी कमाल केली आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. काही दीर्घिकांच्या मध्यावरचं कृष्णविवर आपल्या दिशेने अति-ऊर्जेचे गॅमा किरण फेकत असतं. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात. हे किरण पोकळीतून येताना ताऱ्यांच्या साध्या प्रकाशावर आदळतात आणि त्या टकरीतून एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जुळा, पॉझिट्रॉन, जन्माला येतात. ही जोडी पुढे महास्फोटाच्या उरलेल्या मंद प्रकाशाला धक्का देते आणि त्यातून पुन्हा गॅमा किरण बनतात, पण आधीपेक्षा कमी ऊर्जेचे. म्हणजे ब्लेझारकडे पाहिलं की दोन प्रकारचे किरण दिसायला हवेत, जोरदार आणि जरा मवाळ. २००८ मध्ये अवकाशात गेलेल्या फर्मी दुर्बिणीने शोधलं, तर जोरदार किरण देणाऱ्या काही ब्लेझारच्या बाबतीत मवाळ किरण हवे तेवढे नव्हतेच!

गेले कुठे? २०१० मध्ये नेरोनोव आणि वोव्क या दोघांनी उत्तर दिलं: वाटेत चुंबकीय क्षेत्र असणार. त्याने इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची वाट वाकवली, मग त्यांनी बनवलेले किरण आपल्याकडे न येता भलतीकडे गेले. यासाठी किती क्षेत्र लागेल त्याचंही गणित त्यांनी केलं. एका गॉसचे अब्ज तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा कोटी तुकडे करा. त्यातले तीन उचला. निदान एवढं तरी.

शास्त्रज्ञ मंडळी लगेच माना डोलावत नाहीत, आणि ते बरंच आहे. काहींनी शंका काढली, की पोकळीत जो काही विरळ वायू आहे त्यातच ही जोडी अडखळून आपली ऊर्जा गमावत असेल, चुंबकाला मधे आणायची गरजच काय? २०२५ मध्ये याची परीक्षा झाली, तीही जमिनीवर, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा झोत मीटरभर लांबीच्या विद्युतभारित वायूतून सोडला. तो फारसा विस्कटला नाही, सरळ निघून गेला. हे करणारे कोण? लेझरने कार्बनची काडी उडवणारेच ते ग्रेगोरी आणि त्यांचे साथीदार. यामुळे पोकळीतल्या चुंबकाची बाजू भक्कम झाली, आणि त्याबरोबर तान्ह्या विश्वाचीही.

महास्फोटाच्या उरलेल्या प्रकाशाने वरची मर्यादाही घालून दिली आहे. विश्व ३,८०,००० वर्षांचं असताना निघालेला हा प्रकाश प्लँक उपग्रहाने बारकाईने तपासला. जुनं चुंबकत्व गॉसच्या अब्जाव्या भागाच्या काही पटींहून जास्त असतं, तर त्यावर त्याचे ठसे दिसले असते. ते दिसले नाहीत. खालची मर्यादा ब्लेझारची, वरची प्लँकची. खरं उत्तर मधे कुठेतरी आहे आणि मधली जागा चांगली ऐसपैस आहे.

माझं मत विचाराल तर मी तान्ह्या विश्वाच्या बाजूने. पण बिअरमान बॅटरी चालली नाही असं मी म्हणणार नाही. दीर्घिकांमध्ये ती चाललीच असेल आणि पोकळीत जुनं विरजण असेल, असंही होऊ शकतं. एकच गुन्हेगार हवा हा हट्ट गोष्टीतल्या गुप्तहेरांनी करावा.

या शोधात आपल्या घरचेही लोक आहेत. पुण्याच्या आयुका संस्थेत काम केलेले कंदस्वामी सुब्रमणियन यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं याच प्रश्नावर घालवली. अन्वर शुकुरोव यांच्याबरोबर त्यांनी अवकाशातल्या चुंबकत्वावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. मोठे झालात की वाचा, गणित भरपूर आहे. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या, साधारण २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन ज्या रेडिओ लहरी सोडतात, त्या टिपून या दुर्बिणीने दूरच्या दीर्घिकासमूहांमधलं चुंबकत्व उघड केलं आहे.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळाच्या शाळा तिथे लोटतात. जमलं तर तुम्हीही जा. मोबाइल बंद ठेवा, कारण त्याच्या लहरींनी दुर्बिणीचे कान किटतात. आणि ‘तबकडी केवढी आहे?’ एवढंच विचारून परत येऊ नका, ते मी सांगितलंच आहे. ‘पोकळीतलं चुंबकत्व कुणी ठेवलं, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारा. दोन शास्त्रज्ञांना विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील, तेव्हा दोघांनाही विचाराच.